तिवरें आणि लोकहित

‘लोकहित’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. रस्ता करावयाचा असला तर तो पुढें करतां येतो, आणि रस्ता अडवावयाचा असला तरीही येतो. आम्हां डोंबिवलीकरांची रोजची गाडी कळव्याहून ठाण्यास जातांना जी खाडी ओलांडते, तिच्या कांठीं या शब्दाची परीक्षा गेलीं कित्येक वर्षें चालू आहे.

खाडीचा आणि आगगाडीचा संबंध जुना. 1853 सालीं ठाण्यापर्यंत आलेली गाडी 1854 सालीं खाडी ओलांडून कल्याणास गेली. डोंबिवलीचें शहर झालें तेंही या रुळांच्याच आधारानें. तेव्हां ‘झाडें राहोत, गाड्या नकोत’ हें म्हणणें आमच्या तोंडीं शोभणार नाहीं. 9 जून 2025 रोजीं मुंब्र्याजवळ चालत्या गाड्यांतून पडून प्रवासी मृत्यु पावले. दाराला लोंबकळून कामावर जाणाऱ्या माणसास नव्या रुळांची गरज कोणी पटवून द्यावयास नको.

परंतु खाडीकांठचीं तिवरें म्हणजे कांहीं कोणा हौशी माणसाची बाग नव्हे. तीं भरतीचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात. त्यांच्या मुळांच्या आसऱ्यानें मासे व चिंबोऱ्या लहानाच्या मोठ्या होतात, आणि त्यांवर कोळ्याची चूल पेटते. एका पारड्यांत माणसें व दुसऱ्यांत पांखरें, अशी जी मांडणी नेहमीं करण्यांत येते, ती मुळांतच चुकीची आहे. माणसें दोन्ही पारड्यांत आहेत. एकांतल्यांना घाई आहे, दुसऱ्यांतल्यांचा आवाज पोंचत नाहीं, इतकाच भेद.

मुंबई उच्च न्यायालयानें 2018 सालीं असा निर्णय दिला कीं, तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे. लोकहितासाठीं अवश्यच असेल तर, आणि न्यायालयाच्या परवानगीनें, तीं तोडावीं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनलाही याच दारांतून जावें लागलें. आरंभीं सुमारें 53 हजार तिवरें जाणार असें सांगण्यांत येत होतें. पुढें ठाणें स्थानकाची आंखणी व इतर गोष्टी बदलल्या. आंकडा सुमारें 22 हजारांवर आला, आणि डिसेंबर 2022 मध्यें परवानगी मिळाली. ठाण्याच्या खाडींत 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तेथें तर सुमारें 7 किलोमीटर लांबीचा मार्ग पाण्याखालून बोगद्यानेंच नेण्याचें ठरलें.

या दोन आंकड्यांमध्यें जीं तीस हजार झाडें आहेत, तीं आम्हांस फार बोधप्रद वाटतात. पहिल्या कागदावर तींही अपरिहार्यच होतीं. गाडी तीच राहिली, अहमदाबाद कांहीं जवळ आलें नाहीं. तरी तीं वांचलीं, कारण ‘याहून थोडक्यांत भागेल काय?’ असें विचारणारा कोणी भेटला. असा प्रश्न न्यायालयाच्या पायरीवर विचारला जाण्यापेक्षां नकाशा काढणाराच्या मेजावर विचारला गेला, तर वेळही वांचेल आणि झाडेंही.

दुसरा प्रश्न याहून अवघड. लाभ कोणाचा आणि झीज कोणाची? तोडलेल्या झाडांच्या पांचपट झाडें लावण्याचें वचन देण्यांत आलें आहे. परंतु दुसऱ्या कांठीं रोप जगलें, म्हणून या कांठच्या कोळ्याच्या जाळ्यांत मासा येत नाहीं. आणि ज्या गर्दीच्या नांवानें रूळ मागितले जातात, त्या गर्दींतल्या माणसाला रोज सकाळीं लागते ती लोकलच; अहमदाबादची गाडी त्याच्या कधींमधीं उपयोगी पडेल.

म्हणून शासनाकडे आमचें मागणें साधें आहे. प्रत्येक योजनेच्या पहिल्याच पानावर या दोन प्रश्नांचीं उत्तरें लिहिलेलीं असावींत. तीं समाधानकारक असतील, तर तिवरें पडतांना पाहून आम्हांस दुःख होईल, पण आमची तक्रार राहणार नाहीं.