कुंपणानं खाल्लेलं गायरान

इंग्लंडमधलं पीटरबरो मागे टाकून हेल्पस्टनच्या वाटेला लागलं की दोन्ही बाजूंना हॉथॉर्न या काटेरी झुडपाची कुंपणं सुरू होतात. मे महिन्यात ती पांढऱ्या फुलांनी इतकी भरतात, की पान शोधावं लागतं. जवळून वास घ्यावा, तर गोडव्याखाली कुजकट झाक. हा बहर घरात आणणं अशुभ, असं इथले जुने लोक मानत.

इंग्रजांचा कुंपणासाठीचा ‘हेज’ हा शब्द मुळात बंदिस्त जागेशी जोडलेला. हॉथॉर्नमधला ‘हॉ’ त्याच कुळातला. हॉथॉर्न म्हणजे कुंपणाचा काटा. नेदरलँड्समधल्या हेग शहराचं नावही याच मुळाचं.

हेल्पस्टन हे कवी जॉन क्लेअरचं गाव. १७९३मध्ये शेतमजुराच्या पोटी तो जन्मला, ते गवती छपराचं घर आजही उभं आहे. त्याच्या लहानपणी गावाभोवती उघडी शेतं, माळ आणि गायरान होतं. गरिबाची गाय तिथे चरे, चुलीला सरपण मिळे. १८०९मध्ये संसदेनं ही जमीन वाटून कुंपणात घेण्याचा कायदा केला. मोजणी झाली, वाटण्या झाल्या, नव्या हद्दींवर हॉथॉर्नची रोपं लागली. १६०४ ते १९१४ या काळात असे पाच हजारांवर कायदे झाले आणि इंग्लंडची पाचव्या हिश्श्याहून अधिक जमीन त्यांखाली आली. पोटासाठी क्लेअरनं स्वतः अशी कुंपणं लावली आणि कवितेतून त्यांच्यावर राग काढला. कुंपणानं शेत खाल्लं असं आपण म्हणतो. इथे त्यानं गायरान खाल्लं.

कुंपणाचं वय ओळखायला मॅक्स हूपर या अभ्यासकाचा ठोकताळा आहे: तीस यार्डांत झाडाझुडपांच्या जितक्या जाती, साधारण तितकी शतकं. नाकासमोर गेलेलं, बहुतेक एकट्या हॉथॉर्नचं कुंपण वाटणीच्या काळातलं समजावं. हेझल, मेपलची दाटी असलेलं वेडंवाकडं कुंपण त्याहून जुनं.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या यंत्रांना वाव हवा म्हणून कितीतरी कुंपणं उपटली गेली. १९९७च्या नियमांनी उरलेल्यांपैकी महत्त्वाच्या ठरणाऱ्यांना संरक्षण दिलं. कुंपण वाटणीआधीच्या शेतरचनेचा भाग आहे का, हा त्यातला एक निकष.

गावाजवळच्या स्वॉडीवेल या जागेलाच क्लेअरनं एका कवितेत बोलतं केलं होतं. पुढे तिथे खाणकाम झालं, कचरा पडला. आता ते राखीव निसर्गक्षेत्र आहे. तिथे कुणीही फिरावं. चालायची मोकळीक परत आली. गाय चारायचा हक्क काही आला नाही.