ऊब

बेळगावला 'गरिबांचे महाबळेश्वर' म्हणण्याची जुनी रीत आहे. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंची आणि पश्चिमेला सह्याद्री. त्यामुळे मार्गशीर्ष-पौषातली पहाट बोचरी असते. पाहुण्यांना ही थंडी सुखाची वाटते. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाला मात्र ती जिवावरची ठरते. मुख्याध्यापकाने कोंबड्या पाळाव्यात हे काही पालकांना रुचत नाही. पण माझे खुराडे त्यांच्या रुचीवर चालत नाही.

आमच्या कुंपणापलीकडे एक कानडी अज्जी राहतात. 'अज्जी' दोन्ही भाषांत चालते, म्हणून त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. आमची कोंबडी खुडूक होते, त्यांची 'कावु' बसते. कावु म्हणजे ऊब. त्यांच्याकडे कोंबडीला 'कोळी' म्हणतात आणि पिल्लाला 'मरी'. मराठीत कोळी जाळे विणतो आणि मरी आली की गावे ओस पडतात. साहजिकच पुण्याहून आलेले आमचे पाहुणे हे बोलणे ऐकून दचकतात.

गेल्या पौषात आमची एक कोंबडी खुडूक झाली. उन्हाळ्यात १३ अंडी झाकणारी कोंबडी थंडीत ९च नीट झाकते, कडेची गारठतात, हा अज्जींचा दंडक. तो पाळला. खुडूक कोंबडीच्या छातीची पिसे झडतात आणि उघडी कातडी थेट अंड्यांना लागते. दिवसातून थोडा वेळ दाणापाण्याला उठायचे, चोचीने अंडी फिरवायची आणि पुन्हा बसायचे, असे हे २१ दिवसांचे व्रत. सातव्या रात्री मी एका अंड्यामागे बॅटरी धरली. मध्ये काळा ठिपका आणि त्यातून चहूकडे पसरलेल्या लाल शिरा, हुबेहूब पाय पसरलेला कोळी! दोन्ही भाषांतला कोळी त्या रात्री मला एकाच अंड्यात भेटला.

एकविसाव्या दिवशी टोच पडू लागले. पिल्लू कवच फोडते ते तासन्‌तास. पत्नीला त्याला हात लावण्याचा मोह होई. अज्जींनी तिला थांबवले. घाईने कवच सोलले तर आतल्या पडद्यातल्या जिवंत शिरा तुटतात. बाहेर आल्यावरही दोन दिवस दाण्याची घाई नसते. पोटात बलकाची शिदोरी असते. सात पिल्ले निघाली.

तिसऱ्या दिवशी मुंगसाने कोंबडी नेली.

मग खोके, भाताचे तूस आणि ६० वॅटचा बल्ब. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचे. थर्मामीटर नसला तरी पिल्ले सांगतात. बल्बखाली गोळा झाली तर थंडी, कडेला जाऊन चोच वासू लागली तर उकाडा, मोकळी पसरली तर ठीक.

दुसऱ्याच रात्री वीज गेली. पिल्ले एकमेकांवर चढू लागली. पत्नीने गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून ठेवल्या. त्या किती पुरणार? तिने कुंपणाशी जाऊन हाक मारली. अज्जींची कोंबडी १२ दिवस कावु बसलेली होती. पोटाखाली पिल्ले आली की कोंबडी अंडी सोडते, हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होते. त्यांनी आपली अंडी काढून टोपलीत ठेवली आणि म्हणाल्या, ''तत्ती मत्त बर्ताव.'' अंडी काय, पुन्हा येतील. मग अंधारातच एकेक पिल्लू कोंबडीच्या पोटाखाली सरकवले. उजेडात परके पिल्लू ती टोचून हाकलते. अंधारात तिला फक्त धडपड आणि चिवचिव कळते. एक पिल्लू आधीच चेंगरून गेले होते. उरलेल्या सहांना घेऊन ती सकाळी अंगणात आली, तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. आईचा झाला होता.

सहा आठवड्यांत पिल्लांच्या अंगावर पिसे भरली. त्यानंतर काही दिवसांतच तिने त्यांना टोचून दूर करायला सुरुवात केली. मुलांना एवढे वाईट वाटले. पण ऊब देणे हे जसे तिचे काम, तसे ती काढून घेणेही. दहावीचा निकाल लागला, की पालक माझ्याकडे येतात. ''सर, मुलीला एवढ्यात पुण्याला पाठवावी का?'' पूर्वी मी गुणपत्रिका मागत असे. यंदा तोंडावर आले होते, ''पिसे आली का?'' विचारले मात्र नाही.

श्रावणात त्यांतल्या एका तलंगेने पहिले अंडे घातले. पत्नी ते हातात घेऊन कुंपणाशी गेली. अज्जींनी ते गालाला लावून पाहिले. अजून उबदार होते.