साक्षीदाराची सही

गोल्फ हा शब्द कानावर पडला की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे चेंबूरच्या कुंपणाआडची हिरवळ, मोटारीतून उतरणारे उद्योगपती आणि त्यांच्यामागे पिशवी वाहणारा पोऱ्या असे चित्र उभे राहते. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीपलीकडे विरल नावाचा जो चिंचोळा भूभाग आहे, तेथे सेवेसाठी आल्यावर मला निराळेच गोल्फ भेटले. येथे नळदुरुस्ती करणारा, निवृत्त शिक्षक आणि बसचालक एकाच क्लबाचे सभासद असतात, आपापली पिशवी स्वतःच ओढतात आणि पावसाची तमा बाळगीत नाहीत. माझ्या गुडघ्यांना चालणे हवे होते. एका सद्गृहस्थांनी अडगळीतला जुना संच आणून दिला आणि वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी एका लहानशा क्लबाचा सभासद झालो.

सभासद होणे सोपे; स्पर्धेत उतरणे ही वेगळीच गोष्ट. त्यासाठी आधी हँडिकॅप मिळवावा लागतो. हँडिकॅप म्हणजे आपल्या उणेपणाची मोजून दिलेली सूट. एकूण ५४ होल, म्हणजे १८ होलांच्या तीन फेऱ्या, कोणाच्या तरी साक्षीने खेळून कार्डे द्यावी लागतात. २०२० साली आलेल्या जागतिक पद्धतीत ही सूट जास्तीत जास्त ५४ असू शकते. पुढे शेवटच्या २० फेऱ्यांपैकी उत्तम ८ फेऱ्यांच्या सरासरीवरून ती वरखाली होत राहते. अशक्त आणि सशक्त यांना एकाच पंगतीत बसविण्याची इतकी काटेकोर सोय मी अन्य कोणत्याही खेळात पाहिलेली नाही.

बुधवारची स्पर्धा 'स्टेबलफर्ड' पद्धतीची असते. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड हे शल्यविशारद आमच्या शेजारच्याच वॉलसी क्लबाचे सभासद. तेथील समुद्रवारा असा अवखळ, की एखाद्या होलवर घात झाला तर भल्या खेळाडूचीही सारी फेरी मातीमोल व्हावी. म्हणून त्यांनी प्रत्येक होलला स्वतंत्र गुण देण्याची रीत बसवली. आजच्या स्वरूपातली तिची पहिली स्पर्धा वॉलसीत १६ मे १९३२ रोजी झाली. सूट वजा जाता 'पार' झाला तर २ गुण, एक फटका कमी लागला तर ३, एक जास्त लागला तर १. दोन जास्त झाले की शून्य. मग चेंडू उचलावा, खिशात घालावा आणि पुढच्या होलकडे निघावे. मला ३६ ची सूट, म्हणजे दर होलला दोन फटके. चार पारच्या होलवर सहा लागले तरी २ गुण पदरात. एका होलची नामुष्की दुसऱ्या होलवर लादली जात नाही. नवख्यासाठी याहून दयाळू व्यवस्था मला ठाऊक नाही.

मात्र या दयेला एक कठोर बाजू आहे. येथे पंच नसतो. माझे फटके माझा सोबती लिहितो, त्याचे मी. शेवटी दोघांच्या सह्या. प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा देऊन सही केली तर खेळाडू बाद. जास्त दिला तर तोच कायम. अर्जेंटिनाचे रॉबर्तो दे व्हिसेन्सो यांनी १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत सतराव्या होलवर तीन फटके घेतले, सोबत्याने चार लिहिले, यांनी न पाहता सही केली. विजेत्याशी बरोबरी होती, ती त्या एका आकड्याने गेली. त्याआधी १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्स यांनी गवतात आपला चेंडू किंचित हलला म्हणून स्वतःवर एक फटका दंड लावून घेतला. दुसऱ्या कोणी तो हलताना पाहिला नव्हता. तो दंड नसता तर प्ले-ऑफची वेळच आली नसती. आली, आणि ते हरले.

या गोष्टी वाचायला बऱ्या वाटतात. माझ्या तिसऱ्याच बुधवारी मला ऐंशीच्या घरातील एका गृहस्थांचे कार्ड लिहायचे होते. चाळीस वर्षांचे सभासद, पत्नी निवर्तलेली, स्वभाव लोण्यासारखा. चौदाव्या होलवर त्यांचा चेंडू उंच गवतात गेला. एक फटका गवतातच विरला. चेंडू जेमतेम थरथरला. ग्रीनवरून परतताना ते म्हणाले, "सहा." माझ्या मोजणीत सात होते. त्यांना १८ ची सूट होती; चार पारच्या होलवर सहाला १ गुण, साताला शून्य. आमच्यातील तिसऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. 'जाऊ द्या' हे कळायला भाषा लागत नाही.

मी नवा, परका, आणि त्या वृद्धांच्या सौजन्याने त्या दिवशी त्यांच्या गटात आलेला. तरी पेन्सिल पुढे सरकेना. मी म्हणालो, "माझ्या हिशेबी सात येतात. पुन्हा मोजू या का?" ते टीकडे वळले, बोटाने हवेत एकेक फटका आखत आले, गवताशी थबकले. "सात," ते म्हणाले आणि गाडा ओढू लागले.

वाहनतळावर तिसरे गृहस्थ मला म्हणाले, "फादर, त्यांच्याकडे आता एवढेच उरले आहे." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, माया होती, म्हणूनच ते मला अधिक लागले. त्या रात्री मी त्यांच्या बाजूने पुष्कळ विचार केला.

पुढच्या बुधवारी वृद्ध गृहस्थांनी चहाचा पेला घेऊन मला कोपऱ्यात बसवले. "हिवाळ्यापासून मला मोजदाद राहत नाही," ते म्हणाले. "मी सांगेन ते सारे लिहून घेतात. वसंतात मला बक्षीस मिळाले. तो पेला मी खोक्यातून बाहेर काढलेला नाही. यापुढे माझे कार्ड तुम्ही लिहा."

त्या मायेने आणखी एक गोष्ट केली होती, ती माझ्या उशिरा ध्यानात आली. कार्डावरचे फटके कमी पडत होते, म्हणून सूटही कमीच राहत होती. ऐंशीचा देह साठीच्या हिशेबाने खेळत होता. खरी कार्डे जाऊ लागली तशी शरद ऋतूपर्यंत त्यांची सूट २१ झाली. म्हणजे सर्वांत कठीण तीन होलांवर दोन-दोन फटके. त्यांत चौदावा होल येतो. ते आता खिशात मोजणीचे एक छोटे यंत्र ठेवतात आणि दर फटक्यानंतर ते टक् असे दाबतात. ऑक्टोबरात एका ओल्या सकाळी आम्ही चौदाव्यावर आलो. गवत, पुन्हा गवत, मग ग्रीन. त्यांनी यंत्र माझ्यापुढे धरले. माझ्या मोजणीतही सहाच होते. मी कार्डावर सहा लिहिले. २ गुण.