गाडी घेतलीस, बरं केलंस

पुणे,
कार्तिकी एकादशी

ती. स्व. दादास,


अमोलचा फोन आला होता. "आत्या, बाबा तुझंच ऐकतात, तूच समजाव," म्हणाला. चौसष्टाव्या वर्षी साडेतीनशे सीसीची गाडी दारात आणून उभी केलीस, म्हणून घरातले सगळे धास्तावलेत. मी त्याला स्पष्ट सांगितलं, गाडी विक असं मी सांगणार नाही. अप्पांची बुलेट विकली तेव्हा तुझं तोंड किती दिवस उतरलेलं होतं ते मला आठवतं. बँकेत जन्मभर दुसऱ्यांची वाहनकर्जं मंजूर केलीस, आता स्वतःच्या पैशाने हौस केलीस तर कुणाच्या बापाचं काय गेलं? पण माझी सगळी नोकरी ऑर्थोच्या वॉर्डात गेली आणि दुचाकीवरून पडलेले तुझ्या वयाचे इतके लोक माझ्या हाताखालून गेले की गप्प बसणंही जमत नाही. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहिते.

तू म्हणशील, इतकी वर्षं दुचाकी चालवतोय, कधी धडपडलो नाही. खरं आहे, आणि ते कमी नाही. कुठला रिक्षावाला न बघता वळणार, कुठली एसटी स्टँडातून मुसंडी मारणार, हे तुला आधी कळतं; अमोलला ते अजून कळत नाही. पण तो अनुभव नजरेचा आहे. हातापायांचा अनुभव मात्र सध्या तुझ्या विरोधात आहे, हे तुझ्या लक्षात आलंय का?

अप्पांच्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला होता. पहिला वर, बाकीचे तीन खाली. तू शिकलास त्याच गाडीवर. मग चेतक आली, तिचे गिअर डाव्या मुठीत. आणि पुढे ॲक्टिव्हा, जिला गिअर नाही, क्लच नाही, डाव्या हाताला सरळ ब्रेक. आता या नव्या गाडीत डाव्या हाताला क्लच, डाव्या पायाला गिअर, उजव्या पायाला मागचा ब्रेक. मोकळ्या रस्त्यावर हे सगळं नीट आठवतं. कुत्रं आडवं आलं की आठवायला सवड नसते, हातपाय जुन्या सवयीने चालतात. ॲक्टिव्हाला सरावलेला तुझा डावा हात करकचून आवळेल तो क्लच. इंजिन चाकापासून सुटेल आणि गाडी त्याच वेगात पुढे घरंगळत जाईल. त्यातून अप्पांची बुलेट अंगात जागी झालीच, तर डावा पाय दाणकन खाली जाईल, तो गिअरवर. आणि इतकं सगळं करून ब्रेक अर्धामुर्धाच लागलेला असेल.

यावर उपाय एकच, नव्या सवयीने जुनीला मागे ढकलणं. मार्केट यार्डाच्या आवारात रविवारी पहाटे कुणी नसतं. तिथे अमोलला उभं कर, त्याने अचानक हात वर करायचा आणि तू तीसच्या वेगातून गाडी उभी करायचीस. पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत, आणि कंटाळा आल्यावरही थोडं. त्यात पुढचा ब्रेक हळूहळू दाबत नेऊन पुरा वापरायला शीक. "पुढचा दाबलास तर हँडलवरून उडशील," हे अप्पांचं वाक्य आपल्या सगळ्यांच्या हाडात मुरलंय. वस्तुस्थिती अशी की ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि थांबवायचं बहुतेक काम तेच चाक करतं. आपण मागच्यावर नाचत राहतो, मागचं चाक घसरतं आणि गाडी आडवी होते. २०१९ च्या एप्रिलपासून सव्वाशे सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं आहे. त्यामुळे सरळ रस्त्यावर पुढचं चाक अडकून पडायची भीती तुला बाळगायला नको. गाडी वळणावर तिरकी असताना मात्र एबीएसच्या भरवशावर राहू नकोस.

साठच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. धोका दिसला, मेंदूला उमगला, हात हलला, यात एक सेकंद जात असेल तर सतरा मीटर. दीड सेकंद गेला तर पंचवीस. हा वरचा अर्धा सेकंद वयाबरोबर येतो, त्यात कमीपणा काही नाही. पण हे जे आठ मीटर वाढले, त्यांत उसाची एक अख्खी ट्रॉली बसते.

ट्रॉलीवरून आठवलं. गाळप सुरू झालंय, म्हणजे कराड-पाटण रस्त्यावर तुला त्याच भेटणार. एका ट्रॅक्टरला दोन जोडलेल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला आणि पुढे गाण्यांचा दणदणाट. उतरत्या संध्याकाळी तरण्या पोरांनाही त्या दिसत नाहीत. आपल्याला तर कमीच दिसणार, कारण साठीत बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाही, भिंग पिवळट होतं आणि विशीतल्या डोळ्याच्या मानाने जेमतेम तिसरा हिस्सा उजेड आत पोचतो. समोरून एलईडीचा झोत डोळ्यावर आला की नजर सावरायलाही आपल्याला जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तू आंधळाच गाडी चालवत असतोस. तेव्हा हंगाम संपेपर्यंत दिवेलागणीच्या आत घरी. चिपळूणला जायचं ठरवलंयस ना, मग कुंभार्ली घाट सकाळी उतर आणि मुक्काम करून दुसऱ्या दिवशी ये.

आता माझ्या वॉर्डातलं. लोकांना वाटतं म्हातारी माणसं वेगामुळे मोडतात. माझ्याकडे येणारे बरेचसे गाडी उभी असताना पडलेले असायचे. पेट्रोल पंपावर रांगेत, नाहीतर घरासमोर वळवताना. पाय टेकवला, खाली खडी होती, पाय सरकला, आणि दोनशे किलोच्या घरातली गाडी कलली. तरुण माणूस अशा वेळी उडी मारून बाजूला होतो. आपण ती सावरायला जातो, कारण गाडी नवी असते. घोटा, गुडघा, खुब्याचं हाड, जे सापडेल ते. कलली तर पडू दे रे दादा. लेग गार्ड हजारभरात बदलून मिळतो, खुब्याचा बॉल बदलायला किती लागतात ते पुण्यात कुठेही विचारून बघ.

अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ ते २००८ मधल्या, तिथल्या अपघात विभागांत आलेल्या मोटारसायकलस्वारांची माहिती तपासली होती. विशी ते चाळिशीतल्यांच्या तुलनेत साठी ओलांडलेल्यांना रुग्णालयात दाखल करावं लागण्याचं प्रमाण तिप्पट निघालं. छातीचा पिंजरा आणि डोकं, इथल्या जखमा त्यांच्यात जास्त. मला वाचून नवल वाटलं नाही. चूक तेवढीच असते, तिची किंमत वाढलेली असते.

बरगड्यांचंच घे. पंचविशीतला मुलगा दोन बरगड्या मोडून येतो आणि तिसऱ्या दिवशी वॉर्डात मोबाइलवर क्रिकेट बघत हसत बसतो. तुझ्या वयाचा माणूस त्याच दोन बरगड्या मोडल्या की दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ छातीत साचतो, ताप चढतो, न्यूमोनिया होतो. छातीवर उशी धरून "काका, खोका, जोरात खोका" म्हणत मी किती जणांच्या उशाशी उभी राहिले असेन. ते खोकायचे नाहीत, माझ्याकडे रागाने बघायचे.

डोक्याचं त्याहून वाईट. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो आणि त्याच्याभोवतीच्या बारीक शिरा ताणल्या जातात. हलक्या आपटीनेही एखादी फाटते आणि रक्त झिरपत राहतं. स्टेंट टाकल्यापासून तू रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतोस, तेव्हा तुझं रक्त लवकर थांबणारही नाही. असा माणूस पडतो, उठतो, कपडे झटकतो, चहा पिऊन घरी जातो. दोन-तीन आठवड्यांनी डोकं धरतं, दिवसा झोप येते, चालताना तोल जातो, नावं विसरायला होतात. घरचे म्हणतात, वय झालं. सीटी काढल्यावर कळतं काय झालंय ते. म्हणून कितीही किरकोळ आपटलास तरी लपवायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. आणि हे वाचून गोळ्या मनानेच बंद करशील, तेही करू नकोस. स्टेंट असताना तो जिवाशी खेळ आहे.

गोळ्यांची सगळी यादीच एकदा डॉक्टरांसमोर ठेव आणि सरळ विचार, "मी गिअरची गाडी चालवतो, यातलं काय चालेल?" सर्दीची साधी सेटिरिझिनही झोप आणते. साखरेची गोळी घेऊन न खाता निघालास तर घाटात घाम फुटेल. आणि ती प्रोस्टेटची गोळी, जिच्याबद्दल तू वहिनींनाही सांगत नव्हतास, तिने रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. याच यादीची एक चिठ्ठी पाकिटात ठेव. बेशुद्ध माणसाला कुठल्या गोळ्या चालू आहेत हे आम्हाला त्याच्या खिशातूनच कळायचं.

आता वहिनी. हौस तुझी आहे, पण मागची सीट त्यांची. गुडघ्यामुळे त्यांना पाय टाकून बसता येत नाही, म्हणून एकाच बाजूला पाय सोडून, एका हातात पिशवी आणि दुसऱ्याने तुझा खांदा. रंग न मारलेला गतिरोधक तुला ऐन वेळी दिसतो, तू हँडल घट्ट धरतोस, त्यांच्या हाताला धरायला काहीच नसतं. अशा बायका गाडीच्या मागे रस्त्यावर बसलेल्या सापडतात आणि नवरा दहा-वीस पावलं पुढे जाऊन मागे वळून बघत असतो. मागे बसणाऱ्याला धरायला कडी, पाय टेकायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाला आडोसा, हे सगळं मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. तरी शोभा जाते म्हणून लोक साडीगार्ड काढून टाकतात. तू काढला असशील तर आधी परत लाव. खरं म्हणजे वहिनींना घेऊन जायचं असेल तेव्हा ॲक्टिव्हाच काढ, तिची सीट बुटकी आहे आणि तिचा ब्रेक तुझ्या हाताला ठाऊक आहे. चिपळूणला त्यांनी एसटीने यावं.

हेल्मेटवर मी पुण्यात राहून काय बोलणार! इथे हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चे निघतात, आणि मान दुखते, हॉर्न ऐकू येत नाही, केस जातात, ही कारणं देणाऱ्यांच्या डोक्यावर बहुतेकदा केस उरलेलेच नसतात. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली शंभरात चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेले ५०,०२९, आणि त्यांतले चौदा हजारांहून जास्त मागे बसलेले. रस्त्याकडेच्या ढिगातली टोपी घेऊ नकोस. आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघ, आणि पट्टा हनुवटीखाली आवळ. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पोचतं.

लायसन्सचं काय केलंस? पंचावन्नच्या पुढे ते पाचच वर्षांचं मिळतं आणि नमुना १-अ वर डॉक्टरांचा दाखला लागतो. त्यात एक प्रश्न आहे, दिवसाच्या चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का. सही देणारे सगळेच मान वर करून बघतात असं नाही. तू आपणहून अंगणात पंचवीस मीटर मोजून बघ, आणि मग तेच रात्री करून बघ. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलतोयस ती किती दिवस ढकलायची ते तुझं तुला कळेल.

आणि चपला घालून गिअर बदलू नकोस, घोट्याच्या वर येणारे बूट घे.

मी पुढच्या महिन्यात येणार आहे, तेव्हा वहिनींचं हेल्मेट इथूनच घेऊन येईन. त्यांच्या डोक्याचं माप टेपने भुवयांच्या जरा वरून घे आणि कळव. अंबाडा मोकळा सोडून घे, नाहीतर माप चुकेल. रंग त्यांनाच विचार, तू ठरवू नकोस.

वहिनींना सा. न., अमोलला आशीर्वाद.

तुझी,
सुमन