पंचवीस व्होल्ट

आमच्या हॉबी क्लबमधल्या जुन्या 8085 ट्रेनर किटच्या डिस्प्लेवर काहीच उमटत नव्हतं. चिप वाचायला, लिहायला प्रोग्रामर हवा होता. टक शॉपचे पैसे वाचवून मुलांनी वर्गणी काढली आणि निवड माझ्यावर सोपवली. मी डोळे मिटून सर्वांत स्वस्त निवडला.

"डेटाशीट पाहिलीस?" सरांनी एवढंच विचारलं. मी गप्प. किटचा मॉनिटर प्रोग्राम 2732 ईप्रॉममध्ये असतो आणि ती लिहायला 25 व्होल्ट लागतात. माझा प्रोग्रामर 18 वरच थांबत होता! मित्रांचे पैसे पाण्यात गेले असते.

शेवटी 25 व्होल्ट देणारा, शिवाय 74 मालिकेच्या चिपही तपासणारा घेतला. वर्गणी दुप्पट झाली. ईप्रॉम दोनदा वाचली; दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या. (तिच्या काचेवरचा स्टिकर मी उपटणारच होतो. अतिनील किरणांनी आतलं सगळं पुसलं जातं.) मग एकेक लॉजिक चिप तपासली. नापास झाली 74LS373, म्हणजे 8085 चा पत्ता धरून ठेवणारी. नवी बसवली आणि डिस्प्ले उजळला.

थोडक्यात, ते 25 व्होल्ट अजून लागलेलेच नाहीत. वर्गणीदारांना हे मी सांगितलेलं नव्हतं. आता इथे वाचतील.