ड्रॉइंग आहे का?

गेल्या महिन्यात कॉलेजच्या रोबोटिक्स टीममधल्या एका ज्युनिअरचा मेसेज आला : "ताई, स्पॉन्सरशिप प्रपोजलचा टेम्प्लेट मिळेल का?"

टेम्प्लेट आहे. २०१६ पासून माझ्या ड्राइव्हमध्ये पडून आहे. १४ पानं. पहिल्या पानावर कॉलेजची इमारत, दुसऱ्यावर प्राचार्यांचा संदेश आणि नवव्या पानावर, एका छोट्या तक्त्यात, आम्हाला नेमकं काय हवंय ते. मी तो पाठवला नाही. त्याला फोन केला आणि वाळूजच्या एका शेडची गोष्ट सांगितली.

तेव्हा मी थर्ड इयरला होते आणि शहराचं नाव औरंगाबाद होतं. आमच्या टीमला रोबोकॉनला जायचं होतं. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची ही स्पर्धा. दरवर्षी यजमान देश आपल्याकडचा एखादा खेळ किंवा परंपरा विषय म्हणून देतो. २००८ मध्ये ती पुण्यात झाली तेव्हा विषय दहीहंडीचा होता. २०१७ चं यजमानपद टोकियोकडे होतं. रोबोने मऊ चकत्या फेकून त्या सात गोल टेबलांवर उतरवायच्या. चकत्या ५०, वेळ ३ मिनिटं. भारतातली फेरी मार्चमध्ये बालेवाडीला.

खर्चाचा अंदाज अडीच लाख. कॉलेज देणार साठ हजार. उरलेले कोण आणणार, असा प्रश्न निघाल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. गल्लीतल्या गणपतीची वर्गणी मी चांगली गोळा करते, अशी माझी ख्याती होती. मलाही वाटलं, पावती पुस्तकाऐवजी प्रपोजल, एवढाच काय तो फरक.

सिनिअर्सनी एकच मंत्र दिला होता : "सीएसआर माग." कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, एवढं ऐकून माहीत होतं. एका मोठ्या कंपनीच्या गेटवर दोन तास बसल्यावर एचआरच्या मॅडमनी दहा मिनिटं दिली. त्यांनी शांतपणे समजावलं, की हा पैसा कुठे जाणार ते बोर्डाची समिती ठरवते आणि कामं कायद्याच्या सातव्या परिशिष्टात बसावी लागतात. मॅरेथॉन, पुरस्कार यांसारखे एकदाच होणारे कार्यक्रम त्यात धरता येत नाहीत, हे सरकारने २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. "तुमची पुण्याची स्पर्धा मी यात कशी बसवू? आणि समजा बसवली, तर चेक कोणाच्या नावाने काढू?"

मी म्हटलं, "आमच्या टीम लीडरच्या."

त्या हसल्या. वाईट नाही, पण हसल्या. कंपनीचा पैसा विद्यार्थ्याच्या बचत खात्यात जात नाही, कॉलेजच्या खात्यात जातो आणि त्याची पावती लागते, हे मला त्या दिवशी कळलं. तेवढ्यासाठी कॉलेजच्या अकाउंट सेक्शनला पुढे तीन आठवडे लागले.

मग ८ नोव्हेंबर आला. पाचशे-हजारच्या नोटा गेल्या. वाळूजमध्ये १९८५ साली बजाजचा कारखाना आला आणि त्याच्याभोवती पार्ट बनवणाऱ्या लहान-मोठ्या शेडची रांग उभी राहिली. त्यातल्या कित्येक शेडमध्ये मजुरी रोखीत दिली जायची, आणि आता चालू खात्यातून आठवड्याला ५० हजारच काढता येत होते. अशा दिवसांत आम्ही दोघी स्कूटीवर प्रपोजलच्या प्रती घेऊन फिरत होतो. बहुतेकांनी चहा दिला. पैसे कोणीच दिले नाहीत.

एका लेझर कटिंगच्या शेडमध्ये काकांनी प्रपोजल हातात घेतलं, उघडलं नाही.

"ड्रॉइंग आहे का?"

"सहाव्या पानावर रोबोचं चित्र आहे, काका."

"चित्र नको. कापायचं काय? किती एमएम? किती नग? कधीपर्यंत?"

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर १४ पानांत नव्हतं. काका म्हणाले, "पैसे तर बाळा या महिन्यात माझ्याकडेच नाहीत. मशीन मात्र उभी आहे. ड्रॉइंग घेऊन ये."

दोन रात्री जागून आम्ही ड्रॉइंग केलं. काकांनी ते स्क्रीनवर मोठं करून पाहिलं आणि तीन भोकांवर बोट ठेवलं. "एवढं कडेला घेतलं तर बोल्ट आवळताना फाटेल. आत घ्या." मग दुसऱ्या कुठल्यातरी जॉबमधून उरलेल्या ६ एमएमच्या ॲल्युमिनियम शीटमधून ११ भाग कापून दिले. आमच्या बजेटमध्ये त्यांचे १८ हजार धरले होते. काकांनी रुपया घेतला नाही. निघताना एवढंच म्हणाले, "काय झालं ते येऊन सांगा."

त्यानंतर आमची मागण्याची पद्धतच बदलली. प्रत्येकाकडे वेगळी गोष्ट मागायची, त्याच्याकडे असलेली. कोणाकडे न्यूमॅटिक सिलिंडर, कोणाकडे टेम्पो, कोणाकडे वेल्डिंगचे दोन तास. एक पान, एक वस्तू, एक तारीख. तरी शेवटी ४० हजार कमी पडले. ते आम्ही दहा जणांनी घरून आणले. एकाने मेसचे पैसे भरले आणि महिनाभर आमच्या डब्यांत जेवला.

बालेवाडीला आम्ही लीग फेरीतच बाहेर पडलो. दुसऱ्या मॅचमध्ये चकती फेकणीत अडकली आणि उरलेली दोन मिनिटं आम्ही नुसते बघत उभे होतो. परतीच्या बसमध्ये कोणी बोललं नाही. पुढच्या आठवड्यात परीक्षा आल्या, मग प्लेसमेंट. काकांकडे आम्ही गेलो नाही. विसरलो असतो तर एक वेळ ठीक होतं. मला चांगलं आठवत होतं. काय सांगायचं, हेच कळत नव्हतं. हरलो म्हणून सांगायला कोण जातं?

पुढच्या वर्षी ज्युनिअर्स त्याच शेडमध्ये गेले. काकांनी त्यांना विचारलं, "मागच्यांचं काय झालं?" त्यांना नीट माहीत नव्हतं. काकांनी काम नाकारलं नाही, पण बिल लावलं.

ही गोष्ट मला ज्युनिअरकडून कळली आणि तेव्हा वर्गणीतला फरक समजला. वर्गणी देणाऱ्याला हिशेब वेगळा द्यावा लागत नाही. मांडव त्याच्या दारात असतो, प्रसाद त्याच्या घरी जातो. अंताजी दामोदर काळ्यांनी माणसागणिक एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला. त्या पैशातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पैसा देणाऱ्याला काच हातात घेऊन बघता येत होती. आमचा रोबो मात्र सव्वादोनशे किलोमीटर लांब धावला आणि थांबला. देणाऱ्याला तो दिसलाच नाही. अमेरिकेतल्या फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेत सगळ्यात मानाचा पुरस्कार सामना जिंकणाऱ्या रोबोला मिळत नाही. टीमने आपल्या आजूबाजूच्या लोकांसाठी काय केलं, त्यावर तो मिळतो. हे वाचलं तेव्हा मला वाळूजची ती शेड आठवली.

नोकरी लागल्यावर दुसऱ्या दिवाळीत मी तिथे गेले. सोबत त्या ११ भागांपैकी एक प्लेट होती, लॅबच्या कपाटातून मागून आणलेली. काकांनी मला ओळखलं नाही, प्लेट ओळखली. भोकांवरून अंगठा फिरवला.

"मग? लागल्या का चकत्या?"

"पहिल्या मॅचमध्ये पाच. दुसरीत अडकली. बाहेर पडलो."

"कुठे अडकली?"

मी प्लेटवर जागा दाखवली. ते दोन मिनिटं बघत राहिले. "इथे क्लिअरन्स कमी पडला. तेव्हाच आला असतात तर पुढच्या पोरांना सांगितलं असतं." मग म्हणाले, "आमचे इथे रोज जॉब रिजेक्ट होतात. त्यात न सांगण्यासारखं काय होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

हे सगळं ऐकून ज्युनिअर थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे टेम्प्लेट नाही का?"

मी त्याला विचारलं, "गेल्या वर्षी तुम्हाला ज्यांनी मदत केली, त्यांची यादी आहे?"

होती. सात नावं. त्यातल्या किती जणांना निकाल कळवला? एकालाही नाही.

"आधी त्या सात जणांना भेटा," मी म्हटलं. "रोबो चालला का, कुठे अडकला, त्यांची वस्तू कुठे लागली, एवढंच सांगा. काही मागू नका. मग ड्रॉइंग पाठव, आपण प्रपोजल लिहू."

काल रात्री त्याने ड्रॉइंग पाठवलं. तीन भोकं कडेला फार जवळ आहेत.