परसातली पाखरं

15 फेब्रुवारी 2025

पक्षीगणनेचा आज दुसरा दिवस. फेब्रुवारीतले हे चार दिवस जगभरचे लोक आपापल्या परसात, गच्चीवर, तळ्याकाठी निदान पंधरा मिनिटं बसतात आणि दिसेल तो पक्षी नोंदवतात. अमेरिकेत 1998 साली हे सुरू झालं, भारत 2013 पासून त्यात आहे. सकाळी धुण्याच्या दगडावर बसले. कढीपत्त्यावर बुलबुल, तारेवर होले, नळापाशी साळुंक्या, भिंतीवर शेपटी उभारलेला दयाळ. शेवगा फुललाय, म्हणून शिंजीर आहेच. नर अजून अर्धाच रंगलाय. गळ्यापासून पोटापर्यंत काळपट पट्टा, बाकी अंग मादीसारखं पिवळसर. महिनाभरात सगळा निळाजांभळा चमकेल.

आपल्या भागातल्या पक्ष्यांची शिस्तशीर पाहणी सालिम अलींनी 1931-32 मध्ये केली होती, हैदराबाद संस्थानासाठी. परभणी तेव्हा त्याच संस्थानात होती. आता तेच काम घरबसल्या थोडंथोडं सगळ्यांनी करायचं, हे मला फार आवडतं.

करंजाखाली सातभाईंचा नुसता कलकलाट. तिथला पाला मी झाडून काढत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, "अगं, विंचूकाटा निघंल." त्यांची भीती खोटी नाही, म्हणून दारापासून करंजापर्यंतची वाट रोज झाडते आणि पाला कुंपणाकडेच ठेवते. त्याखाली वाळवी, कोळी, अळ्या असतात. सातभाई पानन् पान उलटून बघतात. जिथं खराट्यानं जमीन लख्ख केलेली असते तिथं पोतंभर दाणे टाकले तरी पारवे आणि चिमण्यांपलीकडे फारसं कुणी येत नाही. दाण्यावर जगणारी पाखरं थोडी, किड्यांवर जगणारी फार.

23 फेब्रुवारी

माहेरी, जिंतूरकडे. भावाची ज्वारी काढणीला आलीय. तो माळ्यावर उभा, हातात गोफण. भोरड्यांचा थवा आला की आधी सावली सरकते, मग आवाज येतो. गुलाबी अंग, काळं डोकं, मानेवर तुरा. पूर्व युरोप आणि मध्य आशियातून ही पाखरं हिवाळा काढायला इकडे येतात आणि एप्रिलात परत जातात. तिकडे त्यांची वीण टोळ-नाकतोड्यांवर होते. इथंही ती शेतातले किडे टिपतात, पण कणसात दूध भरलं की कणसावरच उतरतात.

भाऊ म्हणाला, "अक्का, तू त्यायला परसात बोलवायलीस अन् मी इथं हाकलायलोय."

मी काही बोलले नाही. त्याचं दुखणं खरं आहे. सगळं शिवार ज्वारीचं होतं तेव्हा पाखरांचं खाणं सगळ्यांत वाटलं जायचं, कुणा एकाला जड जात नसे. आता खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, कालव्याच्या पाण्यावर ऊस. मध्येच एखाद्याची दोन एकर ज्वारी असली की सगळ्या शिवाराची पाखरं तिच्यावरच येतात. राखणीला माणूस मिळत नाही. मग तोही पुढच्या वर्षी हरभरा पेरतो, आणि पाखरांना उरलेली ज्वारी आणखी कमी. घरची भाकरी, जनावरांचा कडबा आणि चिमणीचा दाणा एकाच ताटावर येतो, हे शहरात कणसं टांगताना आपण विसरतो. त्यानं मोडून पडलेल्या ताटांची कणसं जुडी करून दिली. परसात कढीपत्त्याला बांधणार आहे.

20 मार्च

जागतिक चिमणी दिवस. नाशिकच्या मोहम्मद दिलावरांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीनं 2010 पासून तो सुरू केला. चिमण्या संपल्या असं दर वर्षी या दिवशी बोललं जातं. देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून 2020 साली निघालेल्या अहवालात मात्र चिमणीची संख्या एकंदरीत टिकून असल्याचं दिसलं, घट होती ती मोठ्या महानगरांत. परभणीत चिमणी आहे. तिची अडचण घराची आहे.

आमच्या माळवदाच्या घरात तुळई आणि किलचन यांच्या सांदीत चिमण्यांची घरटी असत. आज्जी ओसरीवर सूप घेऊन बसली की पाखडलेली कणी आपोआप त्यांची व्हायची. मोरीचं पाणी आळूला जायचं, तिथं चिखल, तिथं किडे. वेगळं काही करावं लागत नव्हतं. स्लॅबच्या घरात सांद नाही, दळण पिशवीतून येतं आणि मोरीचं पाणी गटारात जातं. गेलं ते सगळं आता एकेक करून मुद्दाम आणून ठेवायचं आहे.

खोका लावला. भोक 32 मिलीमीटरचं, सव्वा इंच. एवढ्यात चिमणी जाते, साळुंकी जात नाही. पश्चिमेचं ऊन थेट येणार नाही अशा भिंतीला, मांजर उडी मारू शकणार नाही इतका उंच. आतून रंग नाही. बाहेर बसायची दांडी नाही, तिच्यावर कावळाच येऊन बसतो.

29 एप्रिल

दुपारी परसात पाय ठेववत नाही. पाखरांना घाम येत नाही. चोच उघडी टाकून धापा टाकणं हा त्यांचा मोठा उपाय, आणि त्यात अंगातलं पाणी जातं. अळ्या-किडे खाणाऱ्यांना अन्नातून थोडंफार पाणी मिळतं, कोरडा दाणा खाणाऱ्यांना मिळत नाही. म्हणून परभणीच्या उन्हाळ्यात दाण्याच्या आधी पाणी.

कुंभाराकडून मातीचे परळ आणलेत. उथळ, दोन इंचांहून खोल नाहीत, आत खरखरीत. मधोमध एक दगड ठेवलाय, म्हणजे लहान पाखराला पाय टेकता येतात. निंबाच्या सावलीत, पण झुडपापासून लांब. झुडपात मांजर दबा धरतं. हौदातही एक फळी तिरपी सोडलीय, एखादं पाखरू पडलंच तर चढून येईल.

आज परळाजवळ बराच वेळ बसले. बुलबुल चोचीत थेंब घेतो आणि मान वर करून गिळतो, प्रत्येक घोटाला मान वर. होला तसं करत नाही. त्यानं चोच पाण्यात बुडवली ती वर काढलीच नाही, सलग ओढून प्यायला आणि गेला. पाण्यावर फार वेळ थांबायचं नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं दिसतं.

पाणी रोज ओतून द्यायचं, परळ काथ्यानं घासायचे, उन्हात वाळवायचे. साचलेल्या पाण्यात आठवडाभरात डास तयार होतात. दुसरं कारण परभणीकरांना सांगायला नको. 2021 च्या जानेवारीत तालुक्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या, 11 तारखेला बर्ड फ्लूचं निदान झालं आणि आसपासच्या कोंबड्या माराव्या लागल्या. तेव्हा आमच्या गल्लीत लोकांनी परळ उपडे घातले होते. भीती समजते. हा विषाणू मुख्यतः पाणपक्षी आणि कोंबड्या-बदकांत फिरतो, परळावरच्या चिमणीत क्वचितच. पण एकाच भांड्यात सगळ्यांची विष्ठा पडून राहिली तर दुसरे रोग पसरतातच. घासलेलं भांडं हाच उपाय. आणि मेलेलं पाखरू हातानं उचलायचं नाही, जास्त मेलेली दिसली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं.

19 जून

काल सोलापुरात मारुती चितमपल्ली गेले. यंदाच पद्मश्री मिळाली होती. वनखात्यातली नोकरी अनेकांनी केली, पण जंगलात राहणाऱ्या माणसांपाशी बसून, त्यांना ठाऊक असलेलं पाखरांचं ज्ञान वहीत उतरवून ते मराठीत आणलं ते त्यांनी. आज दिवसभर त्यांचा पक्षिकोश चाळला.

13 जुलै

जास्वंदीच्या दोन पानांत शिंप्याचं घरटं. पावसात पानं लोंबत होती म्हणून दिसलं. लांबून पाहिलं तर दोन पानं नुसती चिकटल्यासारखी. जवळ जाऊन पाहिलं तेव्हा कडेनं बारीक भोकं, प्रत्येक भोकातून ओढलेला कापसाचा धागा, आणि बाहेरच्या टोकाला तो पिंजून फुगवलेला. गाठ नाही. फुगलेलं टोक भोकातून मागं सरकत नाही, तेवढ्यावर सगळी शिवण उभी. आत पुन्हा कापूस. आमच्याकडे सरकीचा कापूस रस्त्याच्या कडेच्या बोरी-बाभळींना अडकलेला असतो, तो त्यांनी उचललेला दिसतो.

नर-मादी दोघंही सारखी अळ्या आणतात. मोठी चिमणी दाणा खाते, पण तिच्या पिलांनासुद्धा आधी अळ्याच लागतात. म्हणून फवारणी नको, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. लिंबाच्या झाडावर अळ्या दिसल्या की काकूंचा मुलगा पंप काढायचा. या आठवड्यात त्याला शिंप्याचं घरटं दाखवलं, तीन चोची वर आलेल्या. तो म्हणाला, पिलं उडेपर्यंत थांबतो. मी म्हटलं, तोवर अळ्या उरल्या तर मला सांग.

27 सप्टेंबर

पाऊस थांबत नाही. मराठवाडाभर शेतं पाण्याखाली. भावाचं सोयाबीन उभ्यानंच कुजलं. आज पाखरांचं काही लिहावंसं वाटत नाही.

9 नोव्हेंबर

पक्षी सप्ताह चालू आहे. 5 नोव्हेंबर चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 सालिम अलींचा. मधले दिवस धरून 2020 पासून राज्यात हा सप्ताह पाळतात. जवळच्या शाळेत जाऊन आले. मुलांनी विचारलं, पाखरांना फरसाण चालतं का? शिळा मसालेभात? मी सांगितलं, मीठ-मसाल्याचं काही नको, बिस्किटंही नकोत. ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी द्या, तीही मूठभर. आणि जागा असेल तर एक झाड लावा: शेवगा, कढीपत्ता, बोर. कढीपत्त्याची काळी फळं बुलबुल आणि कोकीळ किती आवडीनं खातात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याकडे लोक फुलोरा आला की खुडून टाकतात.

संध्याकाळी भावाचा फोन. ओल फार होती म्हणून पेरणी लांबली, पण दोन एकर ज्वारी पेरली. परभणी मोती, आपल्याच कृषी विद्यापीठाचं वाण. मला वाटलं होतं यंदा तो हरभऱ्यावरच जाईल. म्हणाला, कडबा विकत घेणं परवडत नाही. धुऱ्यावरची बाभळही ठेवलीय, सुगरणीची घरटी आहेत म्हणून. राखणीला मात्र अजून कुणी मिळालेलं नाही.

कणसं भरली की शनिवार-रविवार मी जाणार आहे माळ्यावर. गोफण तो चालवील, माझ्यासाठी पत्र्याचा डबा बांधून ठेव म्हणून सांगितलंय.